शून्याच्या खालचं पाणी

सरांच्या शोकसभेत एका गृहस्थांनी हसत हसत सांगितलं की हा माणूस आदिलाबादच्या बाजारात वांगी घ्यायला गेला की ढीग तळापासून उपसायचा. एक वांगं वरचं, एक मधलं, एक पोत्याला टेकलेलं, दोन कडेची. पाच वांगी ओळीने मांडायची, चिरून बघायची परवानगी मागायची, आणि मग पावशेर घ्यायचं. भाजीवाल्या बाया त्यांना लांबून येताना बघून पोतं झाकून घेत. हॉल हसला. मग अध्यक्ष म्हणाले, "थोडे विक्षिप्त होते, पण मनाने निर्मळ." आणि दोन मिनिटं सगळे उभे राहिले.

मी उभी राहिले नाही. गुडघा दुखतो, असं नंतर शेजारच्या बाईंना सांगितलं. खरं म्हणजे मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. वांग्यांची गोष्ट खरी आहे. पण ती सांगणाऱ्या गृहस्थांच्या टेबलावरून सरांची दरख्वास्त दोन वेळा परत आली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी सांगते.

सर आमच्या डिग्री कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांचे पणजोबा निजामाच्या अमलात महसुलात मुन्शी होते, तेव्हापासून घर इथलंच. वर्गात ते इंग्रजीत सुरुवात करत, अडलेल्या पोरांसाठी तेलुगूत उतरत, आणि रागावले की मराठीत येत. दिवाळी ते होळी डोक्यावर माकडटोपी. तिच्यातून फक्त नाक आणि चष्मा दिसायचा, आणि तो चष्मा तुमच्याकडे रोखून ते एकच प्रश्न विचारायचे, "कुठी मोजलं?"

हा प्रश्न ते कोणालाही विचारत. थंडीत पेपरमध्ये आदिलाबादचं तापमान छापून आलं की त्यांचा दिवस बिघडायचा. "जिल्ह्याचं तापमान म्हनते. जिल्ह्याले काय ताप आला? एका खांबापाशी मोजलं, तेवढं लिवा ना बाप्पा. उटनूरच्या जंगलात कोन्या म्हातारीच्या आंगनात किती थंडी हाये, ते कोनी पाह्यलं?" संपादकाला पत्रं जायची. एकही छापलं गेलं नाही. रस्त्यात भेटल्यावर कोणी "कसे आहात सर?" म्हटलं तर उत्तर यायचं, "आता बरा हावो. सकाळी बरा होतो. मधातलं मले माहीत नाही." लोक हसून पुढे जात. मला वाटतं, मोजलं नाही ते सांगायचं नाही हा नियम इतका कडक पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि या नियमाने त्यांचं काय केलं, तेही मी पाहिलं आहे.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. पंगत बसायच्या आधी ते थेट चुलीपाशी गेले आणि भाताच्या हंड्यात चार ठिकाणी झारा घातला. वर, मधे, तळाला, कडेला. आचारी धावून आला. माझे काका आले. "मास्तर, लग्नात आले का परीक्षा घ्यायले?"

सर शांतपणे म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा, असं तुमीच म्हनता ना? कोन्तं शीत? वरचं कच्चं हाये, खालचं करपलं. ढवळलेला भात असला तर एक शीत पुरते. हा ढवळलाच नाही."

काकांनी त्यांना हाताला धरून मांडवात आणून बसवलं. अर्ध्या तासाने पहिल्या पंगतीला कच्चा भात गेला आणि तिसऱ्या पंगतीला करपलेला. पण गोष्ट उरली ती झाऱ्याची. आमच्याकडे असंच होतं. बरोबर कोण होतं ते कोणाला आठवत नाही, हंड्यात झारा कोणी घातला तेवढं आठवतं.

आता त्यांच्या वर्गाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिथून आलं.

दुसऱ्या वर्षाला एक प्रकरण होतं. काही थोड्या ठिकाणची मापं हातात असताना मधल्या जागांचे आकडे कसे काढायचे, त्याबद्दल. बाकीचे प्राध्यापक सूत्र लिहून देत आणि परीक्षेत काय येतं ते सांगत. सर पहिल्या तासाला हातात खडूही न घेता आले. फळ्यावर आधीच ठिपके काढलेले होते, रांगोळीचे काढतात तसे. दोन मुलींना उठवलं, म्हणाले, जोडा. एकीने कमळ काढलं. दुसरीने त्याच ठिपक्यांवर कासव काढलं.

"ठिपके तेच ना?" सर म्हणाले. "मग खरं कोन्तं? कमळ का कासव?"

अर्धा वर्ग कमळ म्हणाला, अर्धा कासव.

"ठिपका खरा. रेघ आपली. हे ज्याले समजलं तो या प्रकरनात पास झाल्यासारखा हाये. बाकी गनित हाये, ते होते."

दुसऱ्या तासाला ते बांबूची लांब, पातळ कामटी घेऊन आले. टेबलावर खिळे ठोकलेले, आणि कामटी त्या खिळ्यांमधून वाकवून बसवलेली. खिळे म्हणजे मापं. कामटी स्वतःच्या स्वभावाने, कमीत कमी वाकून, एका खिळ्यावरून दुसऱ्यावर जाते. पुस्तकात याला स्प्लाइन म्हणतात. जुने कारागीर होड्यांचे आकार असेच आखत. रेघ सुंदर येते, कुठे कोपरा नाही, कुठे झटका नाही.

"गुळगुळीत हाये म्हनून खरी समजू नका," सर म्हणाले, आणि त्यांनी दोन खिळे हलवले. एक खूप वर, टेबलाच्या पलीकडच्या काठाकडे, त्याला लागून दुसरा एकदम खाली, अलीकडच्या काठापाशी. कामटी वरून खाली उतरली आणि दुसऱ्या खिळ्यापाशी थांबली नाही. त्याच्या पुढे जाऊन टेबलाच्या काठाखाली गेली, आणि मग हळूहळू वर आली. "पाहा. जोरात उतरली का थांबत नाही. टेबलाच्या खाली काही हाये का? काही नाही. पन कामटी जाते. तिले टेबल माहीत नाही. तिले फक्त खिळे माहीत."

तिसऱ्या तासाला कामटीच्या जागी तेलाच्या डब्याचा सरळ केलेला पत्रा होता. कारण जगात एकच दिशा नसते. पूर्व-पश्चिम एक, उत्तर-दक्षिण दुसरी, म्हणजे रेघेचा पत्रा झाला. खोली धरली की तिसरी, ऋतू धरला की चौथी. एका दिशेला दहा खिळे लागत असतील तर दोन दिशांना शंभर, तीन दिशांना हजार, चारला दहा हजार. "एवढे खिळे कोनापाशी असते? कोनापाशीच नाही. म्हनून लोक काय करते? जिथे जीप जाते तिथे खिळा ठोकते, आन् बाकी पत्र्यावर सोडून देते." पोरं त्यांना मागे "ठिपका सर" म्हणायची. मीही म्हणायचे.

पुढे मी एका सरकारी कामाच्या कंत्राटावर ऑपरेटर म्हणून लागले. ऑफिसचं नाव लिहीत नाही. काम होतं पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराईडचा नकाशा करायचं. आमच्या भागात काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात ते जास्त येतं. जास्त आलं की आधी दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं प्यायलं की हाडं धरतात, कंबर वाकत नाही, बाई खाली बसली की हात दिल्याशिवाय उठत नाही. नकाशा यासाठी हवा होता की कोणत्या वस्त्यांना नळाचं स्वच्छ पाणी आधी द्यायचं ते ठरावं. लाल दिसली ती वस्ती आधी. निळी दिसली ती शेवटी, किंवा नाहीच.

नमुने आणणारी जीप रस्त्याच्या कडेकडेने गेली. मला हे माहीत होतं, कारण ठिकाणांचे आकडे मीच भरले. संगणकावर ते ठिपके एका वाकड्या माळेसारखे हायवेवर आणि डांबरी रस्त्यांवर ओवलेले दिसायचे. मधले डोंगर, मधलं जंगल, सगळं रिकामं. बोअर किती खोल, नमुना पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला, यासाठी कॉलमच नव्हता. प्रोग्राम त्या ठिपक्यांवरून पत्रा ताणायचा आणि सगळा जिल्हा रंगवून द्यायचा.

पहिल्यांदा नकाशा निघाला तेव्हा इचोड्याच्या पुढे हायवे सोडून आत गेल्यावर जो डोंगर लागतो, त्याच्या मागे आकडे शून्याच्या खाली गेलेले दिसले. उणे. पाण्यात फ्लोराईड उणे. म्हणजे पाण्यात जे आहे ते शून्यापेक्षा कमी आहे.

मी साहेबांना दाखवलं. साहेब हैदराबादहून आलेले, हुशार, घाईत. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "निगेटिव को ज़ीरो कर दो. उसमें क्या है."

मी एक ओळ लिहिली. उणे असेल तर शून्य. नकाशा पुन्हा काढला. डोंगरामागचा तो तुकडा संपूर्ण जिल्ह्यात सगळ्यात गडद निळा झाला. सगळ्यात शुद्ध पाणी.

ती ओळ लिहिताना मला टेबलाच्या काठाखाली गेलेली कामटी आठवली होती. विसरले असते तर आज स्वतःला माफ केलं असतं. आठवूनही लिहिली, कारण साडेपाच वाजले होते आणि साहेब उभे होते.

मोठा छापलेला नकाशा ऑफिसच्या व्हरांड्यात लागला. सर तोवर निवृत्त झाले होते. माझ्या नोकरीचे पेढे खायला म्हणून आले, आणि पेढा हातात धरून नकाशासमोर उभे राहिले. अर्धा तास. नाक कागदाला टेकेल इतक्या जवळ. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

"पोरी," ते म्हणाले, "ठिपके कुठी हायेत?"

"काढून टाकले सर. साहेब म्हणाले, नकाशा घाण दिसतो."

"घान दिसते," ते स्वतःशीच म्हणाले. "मले ठिपक्यांचा काढून दे."

मी आत जाऊन ठिपक्यांसकट एक प्रत छापून आणली. त्यांनी ती बाकावर पसरली, आणि त्यांचं बोट गडद निळ्यावर जाऊन थांबलं. "अठी एवढं निळं, आन् ठिपका एक बी नाही. काऊन?"

मी सगळं सांगितलं. डोंगराच्या अलीकडच्या गावात आकडा खूप मोठा, त्याला लागून पुढच्या दोन विहिरींत एकदम लहान, तिथून पत्रा खाली गेला, उणे आला, आणि मी काय केलं ते. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते बाकावर बसले. हातातला पेढा तसाच होता. मग त्यांनी विचारलं, "त्या शून्याच्या खाली मानसं राह्यतात का?"

मला माहीत नव्हतं. तो नकाशा करणाऱ्या आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते गेले. डोंगरामागे गोंडांचा एक गुडा निघाला, चाळीसेक घरांचा. त्याचंही नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक फोटो काढायला जातात. बसपासून पुढे चालत जावं लागतं, म्हणून जीप गेली नव्हती. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. शाळा बंद होती, पण तिच्या ओसरीत मुलं बसली होती. एका मुलीने आम्हाला बघून हसताना पटकन तळहात तोंडावर घेतला. मग मी बाकीच्यांकडे बघितलं, आणि मग मला बघवेना. एक भीमबाई नावाची म्हातारी भिंतीला धरून उभी राहिली, आणि उभं राहायला तिला इतका वेळ लागला की मी नजर दुसरीकडे वळवली. गुड्याच्या मधोमध हातपंप होता. चांगला, खोल बोअर. सगळे तेच पीत होते, कारण जुनी विहीर उन्हाळ्यात आटते.

सरांनी पहिल्याच दिवशी पंपाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी ते तपासून दिलं. मर्यादेच्या तिप्पट होतं.

आता इथे माझी आणि त्यांची गोष्ट वेगळी होते. मी म्हटलं, सर, चला, आत्ताच ओरडू. त्यांनी दरख्वास्त लिहिली, साहेबांना दिली. साहेब म्हणाले, "एक सैंपल से क्या साबित होता है? डेटा लाइए." दरख्वास्त परत आली. मला संताप आला. सरांना नाही आला. घरी येताना म्हणाले, "बरोबर बोलला तो. एका ठिपक्यावर मी काय सांगू? त्यानं तेच केलं म्हनून आपन भांडतो ना? मंग आपन बी तेच करावं का?"

आणि त्या माणसाने पासष्टीला आलेल्या पायांनी ठिपके गोळा करायला सुरुवात केली. पंपाचं पाणी, आटत्या विहिरीचं पाणी, ओढ्याच्या कडेच्या झिऱ्याचं पाणी, पलीकडच्या दोन गुड्यांचं पाणी. प्रत्येकाची खोली दोरीला गाठी मारून मोजलेली, नाहीतर बोअर मारणाऱ्याकडून विचारून आणलेली. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा, थंडीत एकदा. वहीत चार रकाने: कुठे, कुठे, किती खोल, कधी. पहिले दोन रकाने का, असं केमिस्ट्रीच्या मॅडमनी विचारलं तर म्हणाले, "एक पूर्व-पश्चिम, एक उत्तर-दक्षिन. एका 'कुठे'नं मानूस सापडत नाही."

बसच्या कंडक्टरने त्यांना ओळखलं होतं ते बाटल्यांवरून. खांद्यावर दोन पिशव्या, त्यात वीस-पंचवीस बाटल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. एकदा इचोड्याला कोणा प्रवाशाने तक्रार केली की म्हातारा गावठी दारू नेतो. कंडक्टरने बाटली उघडून वास घेतला, मग सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "पानी हाये. निवळ पानी." सर म्हणाले, "निवळ हाये म्हनू नको. अजून मोजलं नाही." बस हसली. हीही गोष्ट शोकसभेत कोणीतरी सांगितली. सगळे पुन्हा हसले. त्या बाटल्यांत काय होतं ते कोणी विचारलं नाही.

तीन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी सरांनी वही बंद केली. त्यांच्या मापांवरून दिसत होतं ते असं: वरच्या थराचं पाणी बरं, खोल जावं तसं वाईट, आणि उन्हाळ्यात आणखी वाईट. म्हणजे जिल्ह्याचा नकाशा कागदावर सपाट काढण्यातच चूक होती. पाणी कागदावर नसतं, खाली असतं.

वही जोडून दिलेली दुसरी दरख्वास्तही परत आली, मग कुठे साहेबांनी बैठकीत दहा मिनिटं दिली. सर पत्रा घेऊन आले होते, खिळे घेऊन आले होते, वही, बाटल्या. त्यांनी टेबलावर पत्रा वाकवून दाखवायला सुरुवात केली. तीन लोक फोनमध्ये होते. एकाने पत्र्याचा फोटो काढला आणि शेजाऱ्याला दाखवला, आणि दोघे हसू दाबत खाली बघत राहिले. हा फोटो काढणारा माणूस तोच, वांग्यांची गोष्ट सांगणारा. साहेब मधेच म्हणाले, "मास्टरजी, यह सॉफ्टवेयर पूरी दुनिया में चलता है. आप टीन के डिब्बे से उसको ग़लत बता रहे हैं?"

सर म्हणाले, "सॉफ्टवेयर गलत नहीं है, साहब. वह तो कामटी है. कीलें गलत जगह हैं."

"आप रिटायर हो गए हैं. आराम कीजिए."

सरांनी पत्रा गुंडाळायचा प्रयत्न केला. तो गुंडाळला जाईना, उलगडून पुन्हा पुन्हा आवाज करत होता, आणि त्या आवाजाला लोक हसत होते. मी कोपऱ्यात प्रोजेक्टरपाशी उभी होते. उणे आकडे शून्य करणारी ओळ माझ्या हातची होती आणि साहेब सोडले तर त्या खोलीत हे फक्त दोन माणसांना माहीत होतं. सरांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मला बोलावं लागलं असतं, हे त्यांना कळत होतं. ते पत्रा बगलेत धरून निघून गेले.

त्यानंतर मी चार दिवस नीट जेवले नाही. पाचव्या दिवशी ऑफिसात बसून पहिला नकाशा पुन्हा काढला, ती ओळ वगळून. डोंगरामागचे सगळे उणे आकडे यादी करून छापले. खाली लिहिलं की हे आकडे मी शून्य केले, कोणाच्या सांगण्यावरून ते लिहिलं, आणि सही केली. सरांच्या वहीची झेरॉक्स जोडली. हे सगळं जिल्ह्याच्या वरच्या अधिकारी बाईंकडे स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली. बाईंनी ती यादी उभ्या उभ्या वाचली. म्हणाल्या, "उणे? असं असतं?" मी म्हटलं, "नसतं, मॅडम. म्हणूनच आणलं."

पंधरा दिवसांत टीम गेली. या वेळी चालत गेली. पंपाला लाल रंग लावला आणि दांडा काढून नेला. पुढच्या थंडीपर्यंत शेजारच्या गावातून गुड्याला नळाचं पाणी आलं. माझं कंत्राट संपलं तेव्हा पुढे वाढवलं नाही. आता मी एका खाजगी शाळेत गणित शिकवते. साहेबांची बदली झाली, मोठ्या जागी. व्हरांड्यात नवा नकाशा लागला. त्यावर तो तुकडा आता लाल आहे, आणि खाली छापलं आहे की अद्ययावत संगणकीय पद्धतीने केलेलं सर्वेक्षण. सरांचं नाव नाही. ठिपकेही नाहीत. घाण दिसतो.

नळ आला त्या आठवड्यात गुड्यातल्या लोकांनी सरांना बोलावलं. मीही गेले. शाळेपुढे सतरंजी अंथरली होती. त्यांनी सरांच्या डोक्याला पागोटं बांधलं. सर अस्वस्थ होते. सकाळपासून बसमध्ये एक शब्द बोलले नव्हते. पागोटं बांधून झाल्यावर ते उठले, लोकांकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "मले माफी मागायची हाये."

लोकांना कळलं नाही. मलाही नाही.

"पहिल्या बाटलीतच मले समजलं होतं," सर म्हणाले. "तिप्पट होतं. तवाच ऑफिसच्या दारात बसाले पायजे होतं मी, पंप बंद होईस्तोवर. मी म्हटलं, एका ठिपक्यावर बोलायचं नाही. तीन उन्हाळे मी ठिपके मोजत राह्यलो आन् तुमी तेच पानी पीत राह्यले. माझं गनित बरोबर होतं. पन मी चुकलो."

मला उठून ओरडावंसं वाटलं. त्या गुड्यात येऊन माफी मागायला हवी होती अशी माणसं मी बोटावर मोजून दाखवू शकत होते. त्यात माझंही नाव होतं. त्यांच्यापैकी एकानेही माफी मागितली नव्हती, आणि मागत होता तो एकटा माणूस, ज्याने पायपीट केली होती. भीमबाई भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच बोलली.

"सर, आमी तं आधीपासून सांगत होतो. हा बोअर झाला तवापासून गुडघे धरले, पोराईचे दात गेले. जो मानूस आला त्याले सांगतलं. मतं मागाले आले त्याईले सांगतलं, सुई टोचाले आली त्या नर्सबाईले सांगतलं. तुमाले बी पहिल्याच दिवशी सांगतलं मी, अठीच, या भिंतीपाशी. तुमी बाटली भरून घेतली. माझं म्हननं लिवून नाही घेतलं."

ती रागावून बोलली नव्हती. जसं झालं तसं सांगितलं, एवढंच.

सरांनी डोक्यावरचं पागोटं काढून सतरंजीवर ठेवलं, पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं, आणि भीमबाईपुढे मातीत मांडी घालून बसले. त्यांचेही गुडघे दुखायचे; बसायला वेळ लागला.

"आता सांगा," ते म्हणाले. "बोअर कधी झाला, तठून सांगा."

ती सांगू लागली. बोअर झाला त्या वर्षी तिच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं, आणि तोवर ती डोक्यावर दोन हंडे घेऊन डोंगर चढायची. पुढच्या वर्षी एकच हंडा. त्याच्या पुढच्या वर्षी खाली वाकून धानाच्या रोवणीला गेली नाही. कोणाच्या कोणत्या नातवाचे दात कधी डागले, कोणती सून आधी वाकली, कोणतं घर विहिरीवर राहिलं आणि वाचलं, सगळं तिला वर्षासकट पाठ होतं. बाकीच्या बाया जवळ सरकल्या आणि मधे मधे दुरुस्त करू लागल्या. सर प्रत्येकीला नाव विचारत होते, घर कुठलं ते विचारत होते, आणि लिहीत होते. दुपारची बस खाली रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवून गेली. मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.